डुल्याचा पाय

डुल्या आमचा बोकड. गळ्याखाली दोन लोलक लोंबतात आणि चालताना डुलतात, म्हणून डुल्या. काळा कुळकुळीत, उस्मानाबादी वळणाचा. त्याची आई तिसऱ्या दिवशी गेली आणि माझ्या आईने त्याला बाटलीवर वाढवला. चार महिन्यांचा झाल्यावर चिमट्याने खच्ची केला. म्हणजे दूध नाही, पैदास नाही. हिशेबाने पाहिलं तर त्याचा एकच उपयोग उरतो, आणि तो आपण करायचा नाही असं घरात ठरलेलं आहे. कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणाला सांगता येणार नाही.

हेही लिहून ठेवलेलं बरं, की रविवारी आमच्याकडे मटण असतं.

*

बुधवार, दिवेलागण. शेळ्या परतत होत्या. वळणावर मोटारसायकल आली, डुल्या मध्ये आला. पोराच्या कोपराचं सालपट निघालं होतं. ते न बघता त्याने आधी विचारलं, "केवढ्याचा होता, काका?"

"होता" म्हणाला. डुल्या समोर तीन पायांवर उभा होता.

*

पुढचा डावा पाय, गुडघ्याखालची नळी. कातडी फाटलेली नव्हती, वर नुसतं खरचटलेलं. पण पाय नको त्या जागी वाकत होता. ते एकदा पाहिलं की पुन्हा बघवत नाही, आणि नजरही हलत नाही.

आईने मोडक्या डालग्याच्या चार कामट्या काढल्या. गोधडीतला कापूस उपसून पायाभोवती गुंडाळला, वर कामट्या, वर जुन्या धोतराची पट्टी. "आवळू नको," मला म्हणाली, "बोट आत गेलं पाहिजे." पुढे डॉक्टरांनी त्यात एकच सुधारणा सांगितली: मोडल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे बांधात आले पाहिजेत. नाहीतर बांधाच्या टोकाशी पाय हलत राहतो आणि मोडलेलं हाड आतून मांस फाडतं.

*

रात्री त्याला छातीवर बसता ठेवायचं होतं. रवंथ करणारं जनावर फार वेळ कुशीवर पडलं की पोटातला वायू तोंडावाटे सुटत नाही. पोट फुगतं आणि छातीवर दाब येतो. पाय मोडलेली शेळी अशी पोटाने मरते. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत भुसा भरून दोन्ही बाजूंना लावल्या. मी आणि लेक आळीपाळीने जागलो. पहाटे तिची पाळी होती. मी उठून पाहिलं तर ती गोणीला टेकून झोपलेली, आणि डुल्या तिच्या ओढणीचं टोक चघळत जागा.

*

आमच्या जवळचा जनावरांचा दवाखाना श्रेणी २चा. ही 'श्रेणी' पाटीवर लिहिलेली असते, पण तिचा अर्थ गरज पडल्याशिवाय कुणी विचारत नाही. श्रेणी १ म्हणजे तिथे पदवीधर पशुवैद्य, पशुधन विकास अधिकारी. श्रेणी २ म्हणजे पशुधन पर्यवेक्षक. १९८४च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पर्यवेक्षकाने किरकोळ उपचार करायचे, तेही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. मोडलेली नळी किरकोळात बसत नाही.

गुरुवारी सकाळी गेलो तेव्हा दाराला कुलूप. समोर लोखंडी खोडा उभा, गायी-म्हशींना उपचारासाठी अडकवायचा. त्यावर कुणीतरी चादर वाळत घातली होती. पर्यवेक्षक दहा वाजता आले. तीन गावांत लसीकरण चालू होतं आणि त्यासाठी माणूस एकच. त्यांनी पट्टी सोडून पाहिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, वेदनेचं दिलं, आणि सरळ सांगितलं, "सर, हे माझ्या हातातलं नाही. शिरवळला न्या."

आपल्या हातातलं काय नाही हे लगेच सांगणारा माणूस भेटला, की अर्धा दिवस वाचतो.

*

१९६२ हा जनावरांसाठीचा टोल फ्री क्रमांक. फोन लावला की फिरता दवाखाना दारात येतो, अशी योजना आहे. फोन उचलला गेला, माहिती लिहून घेतली गेली. गाडी यायला संध्याकाळ होईल म्हणाले, आणि आली तरी त्या गाडीत एक्स-रे नाही. गाय अडली असती तर मी वाट पाहिली असती.

पुण्यातला पुतण्या व्हिडिओ कॉलवर होता. "काका, पाय जरा वर धरा. नाही, तो नाही. लाइटमध्ये या." उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, उंट आता खिशात मावतो एवढंच.

*

'दात खाणे' याचा अर्थ आपल्याकडे चडफडणे. शेळीच्या बाबतीत तो वाक्प्रचार नाही, लक्षण आहे. गुरुवारी दुपारी डुल्या कडबा सोडून भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि करकर आवाज येत होता. मला वाटलं, खातोय काहीतरी. पर्यवेक्षक फोनवर म्हणाले, "काही खात नाही तो. दुखतंय त्याला." शेळी दुखलं म्हणून नेहमी ओरडतेच असं नाही. शिकार होणाऱ्या जातीचं जनावर आपली कमजोरी मिरवत नाही. ते दात खातं, कान पाडतं, कळपापासून बाजूला उभं राहतं. आमच्या घरात दुखणं असंच अंगावर काढणारं आणखी एक माणूस आहे. तिचं वय अठ्ठ्याहत्तर.

*

सल्ले, आले त्या क्रमाने:

"अंडं आणि हळद लावा."

"व्यापाऱ्याला फोन करा, आज गेला तर बरं."

"कशापायी जिवाला तरास? त्याच्या बी आन् तुमच्या बी."

"ईदच्या आधी मोडला असता तर फार नुकसान होतं." हा शेवटचा सल्ला नव्हे, सांत्वन. कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं, लंगडं चालत नाही. सणाचा भाव एका मोडल्या पायाने मटणाच्या भावावर येतो. बोलणाऱ्याने नफ्या-तोट्याच्या भाषेत मला धीर दिला होता. त्याच्याकडे तीच भाषा होती, आणि तिच्यात माया नव्हती असं मी म्हणणार नाही.

*

गुरुवारी संध्याकाळी इंजेक्शनचा असर उतरला. वेदनेचं आणखी औषध मिळेल का, म्हणून माणसांच्या मेडिकलात गेलो. काउंटरवरच्या मुलाने डायक्लोफिनॅक पुढे केलं. "सगळे हेच नेतात ढोरांना."

मी ते घेतलं नाही. मी फार शहाणा म्हणून नव्हे. लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती, तिथे गिधाडं उतरायची. शाळेच्या मैदानातून त्यांची घिरटी दिसायची. मग ती दिसेनाशी झाली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे कारण कळलं ते हेच औषध. गुरांना वेदनेसाठी दिलेलं डायक्लोफिनॅक मेल्यावरही त्यांच्या मांसात राहतं आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक काही वर्षांतच संपली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद करून एका मात्रेपुरत्या केल्या. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही जनावरांपुरती बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही आणि शेळीला लागू पडतं. पर्यवेक्षकांनी तेच दिलं होतं.

डुल्या मेला असता तर मी त्याला पुरला असता. गिधाडापर्यंत तो गेलाच नसता. तरी ती बाटली हातात घेववली नाही.

*

हाडवैद्याकडेही नेला, हे लपवत नाही. पलीकडच्या वस्तीवरचे धनगर आजोबा, मेंढरांचे पाय आयुष्यभर बांधलेले. त्यांनी डोळे मिटून पायावरून अंगठा फिरवला, वरून खाली, एकदाच. "दोन तुकडं हायती. एक सरकलाय." घरामागे कुंपणावर कांडवेल होती, हाडसांधी म्हणतात ती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही, पण तोडली नाही. "सूज आलीया. आत्ता बांधला तर रगत थांबंल आन् खूर गळंल. दवाखान्यात न्या."

दुसऱ्या दिवशी शिरवळला एक्स-रे निघाला. दोन तुकडे, एक सरकलेला.

*

शुक्रवारी छोटा हत्ती केला. मागे कडब्याचा थर, त्यावर गोणपाट, त्यावर डुल्या, शेजारी मी. लेकीची परीक्षा होती. ती दारात उभी राहून "पप्पा, त्याला सावलीच्या बाजूला बसवा" एवढंच चार वेळा म्हणाली.

लोणंदच्या अलीकडे चहाला थांबलो. एकजण गाडीत डोकावला. "केवढ्याला घेतला?" पुढे डिझेल भरताना दुसरा: "केवढ्याला दिला?" फाटकाशी तिसरा, वयस्कर, टोपीवाला: "नवसाचा का?" बोकड गाडीत बसून कुठेतरी निघाला की या तीनच शक्यता. दवाखान्यात चाललाय म्हटलं की आधी हसायचे, मग पायाकडे बघायचे, मग गप्प व्हायचे. टोपीवाल्याने खिशातून मूठभर शेंगा काढून त्याच्यापुढे धरल्या.

*

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून आहे. त्याच्या दवाखान्यात रांगेत पुढे कास सुजलेली म्हैस, मागे इंग्रजी नावाचं लॅब्राडोर. कुत्र्याची मालकीण म्हशीच्या मालकाला विचारत होती, "काय झालं हिला?" त्याच आवाजात, ज्या आवाजात माणसांच्या दवाखान्यात बाकावर बसलेले लोक विचारतात.

मला परळ आठवलं. शिकायला चुलत्यांकडे लालबागला होतो तेव्हा तिथून जाणं-येणं असायचं. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं नाव, पण लोक म्हणत 'बैलघोडा'. शेजारीच १८८६ साली निघालेलं मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय. ट्राम घोडे ओढत, माल बैल ओढत; शहर ज्यांच्या खांद्यावर चालायचं त्यांची दुरुस्ती तिथे व्हायची. लोकांनी त्या इस्पितळाला पाटीवरचं नाव लावलं नाही, रोग्यांचं लावलं. त्या नावात बोकडाला जागा नव्हती. तो काही ओढत नाही.

*

डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. पाय पाहिला, डोळ्याची पापणी उलटून पाहिली, डाव्या भकाळीवर मूठ दाबून मिनिटभर घड्याळाकडे बघत राहिल्या. पोटाची लाट मुठीखालून सरकते ती मोजायची असते. मिनिटाला एक-दोन आल्या की ठीक. मग मान वर न करता विचारलं, "ठेवायचा की विकायचा?"

माझा तोल गेला. दोन दिवस हेच ऐकत होतो. "इथेही तोच प्रश्न का, मॅडम?" म्हणालो. आवाज चढला असावा, कारण लॅब्राडोरने वळून पाहिलं.

त्या रागावल्या नाहीत. "सर, मी देते ती औषधं मांसात काही दिवस राहतात. तेवढे दिवस जनावर कापायचं नसतं. आठ दिवसांत विकणार असाल तर मला वेगळं ठरवावं लागेल. लोक सांगत नाहीत, म्हणून मी विचारते."

जो प्रश्न मला निर्दय वाटला तो न पाहिलेल्या एका माणसाच्या ताटाची काळजी करत होता. कदाचित माझ्याच, एखाद्या रविवारच्या.

"ठेवायचा," मी म्हणालो. हे मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं असेन.

*

गुंगीचं औषध सिरिंजमध्ये इतकं थोडं होतं की मला वाटलं, भरायचं राहिलं. झायलाझीन. गायी-शेळ्यांना ते फार लवकर चढतं; वजनाच्या हिशेबाने घोड्याच्या साधारण दहावा हिस्सा पुरतो. घोड्याच्या अंदाजाने शेळीला टोचलं तर शेळी उठत नाही.

एका विद्यार्थ्याने गोणपाटाची गुंडाळी करून डुल्याच्या मानेखाली सारली, अशी की मान उंच आणि तोंड खाली उतरतं राहावं. गुंगीतही लाळ सुटतच असते, पोटातलं वर येऊ शकतं. ते श्वासनळीत न जाता बाहेर गळलं पाहिजे. लाळेची तार ओठापासून फरशीपर्यंत लागली होती, तुटत नव्हती. दुसरा विद्यार्थी पाय ओढून धरत होता, बाई अंगठ्याने हाड बसवत होत्या. तोच अंगठा, वरून खाली. धनगर आजोबांची आणि यांची ओळख करून द्यायला हवी होती.

कापसाचा जाड थर, मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या, खुराची टोकं तेवढी उघडी. "रोज इथे हात लावायचा," बाई म्हणाल्या. "गरम पाहिजे. थंड लागलं, सुजलं, किंवा वास आला तर त्याच दिवशी यायचं. फोनवर विचारत बसायचं नाही."

*

बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट. हाडांच्या डॉक्टरला शेळी हा गुणी रोगी वाटतो. वजन कमी, तीन पायांवर निभावून नेते, कंटाळली की बसून राहते. तेच हाड बैलाचं मोडलं की चार-पाचशे किलो त्या प्लास्टरवर येतात. घोडा तर फार काळ आडवाही राहू शकत नाही. ज्यांच्या नावाने इस्पितळ निघालं त्यांचा पाय जुळवणं सगळ्यांत अवघड, आणि जिला कुणी इस्पितळात नेत नाही तिचा सोपा.

*

घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने प्लास्टरखालून डोकावणारा कापूस ओढून खायला सुरुवात केली. आईने कडू म्हणून कडुनिंबाचा पाला वाटून वरून लिंपला. शेळ्या कडुनिंब आवडीने खातात हे तिला माहीत नव्हतं असं नाही, त्या वेळी आठवलं नाही. डुल्याने अर्ध्या तासात सगळा लेप चाटून साफ केला आणि आणखी आहे का म्हणून तिच्या पदराला हुंगलं. शेवटी माझ्या जुन्या पँटचा पाय कापून वर शिवला. शाळेत जाताना माझ्याच पँटचा तुकडा अंगणात लंगडताना दिसायचा.

*

त्याच्या आधीची गोष्ट. थर्मामीटर घरातलाच, आता डुल्याच्या नावावर झालेला. १०२.४. बायको घाबरली. आपल्याला १०२ म्हणजे अंथरूण, शेळीला १०२ म्हणजे ठणठणीत. त्या तापमानाला त्याने रवंथ सुरू केली, डोळे अर्धे मिटून. दोन दिवसांनंतरचा तो जबड्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी काही बोललं नाही. आईने फक्त देव्हाऱ्यातली वात जरा वर सारली.

*

खर्च: छोटा हत्ती जाऊन-येऊन २४००. औषधं ८६०. दवाखान्याची फी यापुढे नाव घेण्यासारखी नाही. दुसऱ्यांदा दाखवायला गेलो ते २२०० (घासाघीस केली). बायोटीन की काय म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेली पावडर ३५०, ती तशीच पडून आहे.

घरची वही आई ठेवते. 'जनावरे' असं वेगळं पान आहे. पेंड, लसी, शेळ्यांची विक्री सगळं तिथे. डुल्याचा खर्च तिथे सापडेना. शोधत गेलो तर तो 'दुखणी' या पानावर निघाला. वर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, खाली माझा दात, मध्ये 'डुल्या, पाय'.

मी काही विचारलं नाही. त्या पानाची शेवटी बेरीजही केलेली नसते.

*

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आतला पाय दुसऱ्या पायाच्या निम्मा, केस चपटे, वास जुन्या ओल्या पुस्तकासारखा. त्या पायाच्या नख्या वाढून पुढे चोचीसारख्या वळलेल्या, कारण सहा आठवडे त्या जमिनीला घासल्याच नाहीत. आधी त्या छाटाव्या लागल्या. मग त्याने पाय टेकला, उचलला, टेकला. नवीन चप्पल घातलेल्या माणसासारखा.

*

गेल्या आठवड्यात व्यापारी आळीत आला होता. तोच, ज्याला फोन करा म्हणून सगळे सांगत होते. दारातून सरळ आत आला. सवयीने डुल्याचा ओठ उचलून दात पाहिले, कमरेवर बोटं दाबून मांस चाचपलं. शेळीचं वजन हा माणूस काट्यापेक्षा अचूक सांगतो. मग हात पुढच्या डाव्या पायावर उतरला आणि नळीवरच्या गाठीपाशी थांबला. हाड जुळलं की तिथे अशी गाठ राहते.

मी वाट बघत होतो, आता आकडा सांगेल.

"कुणी बसवलं हाड?" त्याने विचारलं.

शिरवळचं सांगितलं. कोणत्या वारी, किती वाजता, एक्स-रेचे वेगळे किती, कामट्या कशा बांधून न्यायच्या, सगळं त्याने नीट विचारून घेतलं आणि मोबाइलमध्ये बोलून ठेवलं.

"का हो?" मी म्हणालो.

"घरी एक शेळी हाय. म्हातारी हाय. मागल्या पायानं खुरडतीया."

"केवढ्याची असेल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डुल्याकडे. "इकायची न्हाय, सर," म्हणाला, आणि डुल्याच्या पाठीवरचा हात झटकून निघाला.